“हे आता झेड/ओएससोबतच येतं”: मेनफ्रेम टूलच्या रिन्युअलसमोर फुकटचा स्पर्धक उभा राहिला तर काय करायचं

मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या संस्थांचे व्यवहार हाताळणाऱ्या मोठ्या संगणकांवर, चालणारी टूल्स बनवणारी, त्यांचा सपोर्ट आणि प्रीसेल्स (विक्रीआधीची तांत्रिक बाजू) सांभाळणारी पुष्कळ मंडळी आज पुण्यात बसतात. त्यांच्यातली जी या कामात नवी आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मुंबईच्या सीप्झमध्ये वायटूकेच्या (२००० सालच्या तारखांच्या घोळाच्या) कामावर कोबोल भाषेतले प्रोग्रॅम वाचत मी या धंद्यात शिरले. पुढे जेसीएल (कुठलं काम कसं चालवायचं ते मेनफ्रेमला सांगणारी भाषा) तपासणाऱ्या एका टूलच्या सपोर्टला गेले आणि तिथून प्रीसेल्सला. या सगळ्या काळात एक मेल कुणा ना कुणा ग्राहकाकडून येत राहिला आहे. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मजकूर तोच: “हे आता झेड/ओएससोबतच मिळतं. मग तुमचं रिन्युअल कशासाठी करायचं?” झेड/ओएस ही आयबीएमच्या मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टीम, आणि रिन्युअल म्हणजे टूलचा परवाना पुढे वाढवणं.

असा मेल आला की सेल्सवाले आधी सवलतीचा आकडा काढतात. तो पाठवू देऊ नका. किंमत कितीही खाली आणलीत तरी शून्यासमोर तुम्ही महागच ठरणार. शिवाय सवलत देऊन तुम्ही न बोलता मान्य करता, की दोन्ही टूल्स एकच काम करतात. फुकटचं टूल ग्राहकाच्या मशीनवर काय करतं आणि काय करत नाही, हे त्याच्याच नोंदींतून, त्याच्याच माणसांसोबत बसून काढायचं, हे आपलं खरं काम. आणि जिथे फुकटचं पुरतं, तिथे ते पुरतं असं सरळ सांगायचं.

हे भांडण किती जुनं आहे

थोडा इतिहास आधी सांगते, कारण त्यातूनच पुढची पद्धत निघते.

१९६० च्या दशकात आयबीएमचं सॉफ्टवेअर मशीनसोबत मिळायचं, त्याची वेगळी किंमत नसायची. त्याच काळात अमेरिकेत प्रिन्स्टनला अप्लाइड डेटा रिसर्च (एडीआर) नावाची कंपनी होती. तिथल्या मार्टिन गोएत्झ यांनी ऑटोफ्लो नावाचं उत्पादन बाजारात आणलं. प्रोग्रॅम वाचून त्याचा फ्लोचार्ट ते आपोआप काढायचं. सॉफ्टवेअरवरचं अमेरिकेतलं पहिलं पेटंट १९६८ साली मिळालं, तेही याच गोएत्झ यांना, सॉर्टिंगच्या पद्धतीसाठी. ऑटोफ्लोच्या समोर आयबीएमचा फ्लोचार्टचा प्रोग्रॅम होता, फुकट. त्यात प्रोग्रॅमरला स्वतः जादा माहिती भरून द्यावी लागे, म्हणजे काम ऑटोफ्लोइतकं होत नव्हतं. तरीही विक्री अडायची, कारण ग्राहकाला वाटायचं, थोडं थांबू, आयबीएम सुधारून देईलच.

१९६९ साली एडीआरने आयबीएमवर दावा लावला. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेच्या न्याय खात्यानेही मक्तेदारीविरोधी खटला भरला होता. २३ जून १९६९ ला आयबीएमने सॉफ्टवेअर आणि सेवांची किंमत मशीनपासून वेगळी करत असल्याचं जाहीर केलं आणि १९७० मध्ये एडीआरसोबत तडजोड झाली. आपला सगळा धंदा या वेगळेपणावर उभा आहे, हे प्रत्येक नव्या माणसाला ठाऊक असलं पाहिजे.

कोर्टाची वाट पुढेही काहींनी धरली. अबेंड-एड (बंद पडलेल्या प्रोग्रॅमचं कारण शोधणारं) आणि फाइल-एड (फाइली हाताळणारं) ही टूल्स बनवणाऱ्या कॉम्प्युवेअरने २००२ साली आयबीएमवर दावा केला. फॉल्ट अ‍ॅनालायझर आणि फाइल मॅनेजर ही आयबीएमची टूल्स आमच्या उत्पादनांवरून घेतली आहेत, असा त्यांचा आरोप होता. २००५ मध्ये तडजोड झाली आणि कॉम्प्युवेअरकडून परवाने व सेवा घेण्याचं आयबीएमने कबूल केलं. पण आयबीएमची ती टूल्स बाजारात राहिलीच. कॉम्प्युवेअर २०२० मध्ये बीएमसीने घेतली.

मला यातलं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण सिंकसॉर्टचं वाटतं. १९६८ साली व्हिटलो कम्प्युटर सिस्टीम्स, म्हणजे पुढची सिंकसॉर्ट, सुरू झाली, तेव्हा सॉर्ट ऑपरेटिंग सिस्टीमसोबत जादा पैसे न भरता मिळत होता. अशा वस्तूला पर्याय म्हणून त्यांनी विकत घ्यायचा सॉर्ट बाजारात आणला आणि तो विकला गेला. विकला गेला कारण त्या काळी मेनफ्रेमचा बराच वेळ सॉर्ट करण्यातच जाई. ग्राहकाने आपल्याच डेटावर दोन्ही चालवायचे आणि घड्याळ पाहायचं. वाद घालायला जागाच उरत नसे. १९७६ साली सुरू झालेल्या कम्प्युटर असोसिएट्सचं पहिलं उत्पादनही सॉर्टच होतं.

आधी विचारा: नेमकं कुठलं फुकट?

मेलला पहिलं उत्तर एका ओळीचं द्या: “कुठल्या टूलबद्दल म्हणताय, नाव आणि आवृत्ती कळवाल का?” निम्म्या वेळा समोरच्यालाही ते नीट माहीत नसतं, आणि नाव कळल्यावरच पुढचं बोलता येतं. कारण ‘फुकट’ या एका शब्दात चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी येतात.

झेड/ओएसचा मूळ भाग असलेलं टूल खरोखर सोबत येतं. सिस्टीम ब्राउझरमधून सांभाळायचं झेड/ओएसएमएफ हे त्याचं उदाहरण. डीएफसॉर्ट (सॉर्ट), आरएमएफ (कामगिरीची मोजणी), एसडीएसएफ (जॉब आणि त्यांचे निकाल बघणं) यांचं तसं नाही. ती ऑपरेटिंग सिस्टीमसोबत येतात खरी, पण त्यांची किंमत वेगळी असते आणि पार्मलिब या सेटिंगच्या लायब्ररीतल्या आयएफएपीआरडी मेंबरमध्ये (फाइलमध्ये) ती चालू करावी लागतात. डिस्कवर दिसलं म्हणजे परवाना आहे असं होत नाही. ग्राहकाच्या सिस्टीम प्रोग्रॅमरला (सिसप्रोगला) तो मेंबर उघडायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.

तिसरा प्रकार म्हणजे डाउनलोडला पैसे नाहीत, पण सपोर्ट हवा तर आहेत. आयबीएमचा झेड/ओएसवरचा पायथन असा मिळतो. चौथा प्रकार ओपन सोर्सचा. ओपन मेनफ्रेम प्रोजेक्टखाली २०१८ साली आयबीएम, सीए (तीच कम्प्युटर असोसिएट्स) आणि रॉकेट या कंपन्यांनी मिळून आणलेलं झोवी, मेनफ्रेमशी आजच्या टूल्समधून बोलायची सोय, हे त्यातलं मुख्य नाव. त्याचाही सपोर्ट विकत घेता येतो.

पाचव्या प्रकारात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. तीन किंवा पाच वर्षांच्या मोठ्या करारात एखादं टूल ‘घालून दिलेलं’ असतं. तिथे परचेसच्या माणसासमोर शून्य दिसतं, पण तो आकडा कराराच्या एकूण रकमेत कुठेतरी असतो आणि करार संपला की वेगळा होऊन पुढे येतो. ग्राहकाला एवढंच विचारा, की पुढच्या करारात या ओळीची किंमत काय राहील, हे लेखी मिळालं आहे का? मिळालं असेल तर विषय सोडा.

मग ते टूल स्वतः चालवा

हे कुणी करत नाही, त्याचं मला फार वाईट वाटतं. स्पर्धकाचं माहितीपत्रक वाचून तुलनेचा तक्ता बनवला जातो, त्यात आपल्या बाजूला सगळीकडे हिरव्या खुणा असतात आणि ग्राहकाचा सिसप्रोग तो बघून न बघितल्यासारखा करतो. फुकटचं टूल आपल्या एलपारवर (मेनफ्रेमच्या वेगळ्या काढलेल्या भागावर) लावा आणि आठवडाभर रोजच्या कामाला वापरा. मगच बोला.

माझ्या क्षेत्रातलं उदाहरण देते. जेसीएल तपासायला झेड/ओएसमध्ये कायमच एक फुकट सोय आहे: जॉबच्या (मेनफ्रेमला दिलेल्या कामाच्या) सुरुवातीच्या ओळीत, म्हणजे जॉब कार्डावर, टायपरन=स्कॅन लिहायचं. जॉब चालत नाही, फक्त वाचला जातो आणि व्याकरणाच्या चुका कळतात. हल्ली त्यात आयबीएमचं झेड ओपन एडिटर आलं आहे, व्हीएस कोड या एडिटरमध्ये चालणारं आणि फुकट. रंगीत जेसीएल दिसतं, चुकीच्या जागी लाल रेघ येते. नव्या मुलांना ते आवडतं आणि मलाही आवडतं.

आता एक चार पायऱ्यांचा जॉब घ्या. पहिली पायरी दिवसभराचे व्यवहार सॉर्ट करते, दुसरी खात्यांची मास्टर फाइल अपडेट करते. तिसरीत इनपुट डेटासेटच्या (फाइलच्या) नावात एक अक्षर चुकलं आहे. चौथीत जो प्रोग्रॅम बोलावला आहे, तो प्रॉडक्शनच्या लोड लायब्ररीत (चालवायला तयार प्रोग्रॅमांच्या साठ्यात) अजून गेलेलाच नाही. टायपरन=स्कॅन या जॉबला निर्दोष म्हणेल, आणि त्याच्या परीने ते बरोबर आहे. स्वल्पविराम जागच्या जागी आहेत, पॅरामीटर ओळखीचे आहेत. डेटासेट कॅटलॉगमध्ये आहे का, प्रोग्रॅम लायब्ररीत आहे का, या जॉबच्या युजरला आरएसीएफने (परवानग्या सांभाळणाऱ्या सुरक्षा प्रणालीने) ती फाइल लिहायची परवानगी दिली आहे का, हे बघणं त्याचं कामच नाही. ते आपलं टूल बघतं.

रात्री जॉब चालतो. झेड/ओएस डेटासेट पायरीपायरीने मिळवतं, त्यामुळे पहिल्या दोन पायऱ्या सुखरूप पार पडतात. तिसरीवर आयईएफ२१२आय, डेटासेट सापडला नाही, आणि जॉब जेसीएल एरर देऊन बसतो. तोपर्यंत मास्टर फाइल अपडेट झालेली असते. म्हणजे जॉब पहिल्यापासून पुन्हा चालवला, तर तेच व्यवहार दुसऱ्यांदा लागतील. ऑन-कॉल माणसाला उठवायचं, नाव दुरुस्त करायचं, तिसऱ्या पायरीपासून रीस्टार्ट द्यायचा. तो दिला की चौथ्या पायरीवर एस८०६, प्रोग्रॅम सापडत नाही. पुन्हा फोन. एवढ्यात सकाळची ऑनलाइन सिस्टीम उघडायची वेळ जवळ आलेली असते.

असा एक जॉब ग्राहकाच्या टेस्ट एलपारवर, त्याच्या देखत, दोन्ही टूल्समधून काढा. माझ्या अनुभवात प्रेझेंटेशनच्या कितीही स्लाइड्सपेक्षा याचा परिणाम जास्त होतो.

ग्राहकाच्याच नोंदी मागा

उदाहरण पटतं, पण पैसे सुटतात ते ग्राहकाच्या स्वतःच्या आकड्यांवर. त्याला मागच्या तिमाहीत बॅचमध्ये (रात्री एकामागून एक चालणाऱ्या जॉबमध्ये) फसलेल्या जॉबची यादी मागा. सिस्टीम स्वतः लिहून ठेवते त्या एसएमएफ नोंदींपैकी ३० नंबरच्या नोंदीत पायरी आणि जॉब संपल्याची माहिती असते, कम्प्लीशन कोडसकट. एसएमएफ द्यायला सिक्युरिटीची हरकत असेल, तर ऑपरेशन्सची तिकिटं चालतील.

त्या यादीचे तीन ढीग करा. पहिल्यात, फुकटच्या टूलने आधीच पकडलं असतं असे जॉब. दुसऱ्यात, फक्त आपल्या टूलने पकडलं असतं असे. तिसऱ्यात, कुणीच पकडलं नसतं असे: एस०सी७, म्हणजे आकड्याच्या जागी भलताच डेटा, किंवा एसबी३७, म्हणजे डिस्कवरची जागा संपली. जेसीएल तपासून हे कळत नाही. तिसरा ढीग बहुतेकदा मोठा निघतो आणि तो लपवावा असं सेल्सला वाटतं. लपवू नका. तो ढीग तुम्ही स्वतःहून टेबलावर ठेवलात, की समोरचा सिसप्रोग तुमचा दुसरा ढीग खरा मानतो.

हे काम करताना ऑपरेशन्सच्या शिफ्ट लीडला बोलवाच. रिन्युअलच्या बैठकीला परचेस असतं, आर्किटेक्ट असतो, कधी फायनान्स असतं, पण रात्री फोन उचलणारा माणूस नसतो. एका परदेशी बँकेत आमचं रिन्युअल जवळजवळ गेलं होतं. तिथल्या शिफ्ट लीडकडे रात्रीच्या फोनांची वही होती, हाताने लिहिलेली: वेळ, जॉबचं नाव, कुणाला उठवलं, किती वाजता सुटलं. बैठकीत त्याने ती वही परचेसच्या बाईंसमोर ठेवली आणि आमचं टूल ज्या विभागात लावलं होतं आणि ज्यात नव्हतं, त्यांची पानं शेजारीशेजारी उघडली. पुढची चर्चा टूल ठेवायचं का यावर झालीच नाही, आणखी कुठे लावायचं यावर झाली.

फुकटच्या टूलला सीपीयू लागतोच

मेनफ्रेमवर सॉफ्टवेअरचं बिल बरंचसं वापरावर येतं. जुन्या पद्धतीत महिन्यातल्या चार तासांच्या सरकत्या सरासरीचा शिखर बिंदू, एमएसयू या सीपीयू वापराच्या मापात, बिलाला लागतो. फुकटचं टूल जर त्याच शिखराच्या वेळी सीपीयू खात असेल, तर झेड/ओएस, सीआयसीएस, डीबी२ या सगळ्यांचं मासिक बिल वाढवतं. ते पहाटे तीनला चालत असेल आणि शिखर सकाळी अकराचं असेल, तर मात्र हा मुद्दा काढूच नका, कॅपॅसिटी प्लॅनर तुम्हाला तिथल्या तिथे थांबवेल. २०१९ पासून आलेल्या आयबीएमच्या टेलर्ड फिट प्रायसिंगवर जे ग्राहक गेले आहेत, त्यांच्याकडे हिशोब वेगळा होतो. तिथे शिखरापेक्षा एकूण वापर मोजला जातो, म्हणून पहाटेचा सीपीयूही मोजावा लागतो. ग्राहक कुठल्या पद्धतीवर आहे हे विचारल्याशिवाय एमएसयूचा एकही आकडा लिहू नका.

झिप प्रोसेसरचं, म्हणजे ठराविक कामांसाठीच्या वेगळ्या प्रोसेसरचं, काय, असा प्रश्न लगेच येईल. जावामध्ये लिहिलेली टूल्स, झेड/ओएसएमएफसारखी, बरीचशी झिपवर चालतात आणि झिपवरचं काम एमएसयूमध्ये धरलं जात नाही, हे खरं आहे. पण झिप भरलेले असतील तर ते काम साध्या प्रोसेसरवर उतरू शकतं. एसएमएफ ३० मध्ये झिपवर गेलेला वेळ वेगळा असतो आणि झिपला योग्य असून साध्या प्रोसेसरवर गेलेला वेळही वेगळा असतो. तो दुसरा आकडा बघा. आपल्या टूललाही हीच कसोटी लावा, आधी आपल्याच टूलला लावा. सिंकसॉर्टने सॉर्टचं काम झिपवर नेणारं झेडपीसेव्हर आणलं, ते याच हिशोबातून.

बदलीचा खर्च दाखवा, भीती दाखवू नका

टूल बदलणं म्हणजे लायब्ररीचं नाव बदलणं नव्हे. सॉर्टचंच बघा. प्रोग्रॅमचं नाव सगळीकडे ‘सॉर्ट’ असंच असतं, म्हणून बदल सोपा वाटतो. पण सिंकसॉर्टमध्ये सम फील्ड्स=नन, एक्ससम असं लिहिलं, की गाळलेल्या दुबार नोंदी वेगळ्या फाइलमध्ये मिळतात. डीएफसॉर्टला एक्ससम कळत नाही, तिथे त्याच्याच आइसटूलमधली सिलेक्ट ही सूचना डिस्कार्डसह वापरून तेच काम करावं लागतं. अशी कार्डं (सॉर्टला दिलेल्या सूचनांच्या ओळी) निदान चूक देऊन थांबतात, म्हणून ती सापडतात.

जास्त जपायचं ते न थांबणाऱ्या फरकांना. दोन नोंदींची की (ज्यावरून सॉर्ट होतं तो भाग) सारखीच असेल, तर त्यांचा मूळ क्रम राखायचा की नाही, हे इन्स्टॉलेशनच्या सेटिंगवर अवलंबून असतं. दोन्हीकडे रिटर्न कोड शून्य, म्हणजे ‘चूक नाही’, येतो, रेकॉर्डची संख्या जुळते आणि क्रम मात्र वेगळा निघतो. पुढचा कोबोल प्रोग्रॅम त्या क्रमावर विसंबून असेल, तर तिमाहीच्या शेवटी कुठल्यातरी रिपोर्टमध्ये ते उघडं पडतं.

अशा जागांची यादी ग्राहकाच्या जेसीएल लायब्ररी शोधून काढा आणि त्याला देऊन टाका, तो तुम्हाला सोडून जाणार असला तरीही. “बदललंत तर प्रॉडक्शन बंद पडेल” अशी वाक्यं लिहू नका. समोर बसलेला माणूस तीस वर्षं मेनफ्रेम चालवतो आहे, त्याने वायटूके पाहिलं आहे. यादी दिलीत तर तो बदलीला लागणारे दिवस स्वतः मोजेल आणि त्याचा आकडा तुमच्या आकड्यापेक्षा कंपनीत जास्त चालेल.

जे फुकट झालं ते सोडा, आणि त्याच्यावर बांधा

पहिल्या ढिगातलं काम आता फुकट झालं आहे. त्याचे पैसे मागत राहिलात तर दर वर्षी हीच बैठक होईल. किंमतपत्रकातून ते काढा, किंवा ते फुकट देऊन दुसऱ्या ढिगाची किंमत स्पष्ट लावा. व्याकरण तपासण्याचे पैसे घेऊ नयेत, कॅटलॉग, लोड लायब्ररी आणि परवानग्या तपासण्याचे घ्यावेत, असं माझं आमच्या उत्पादनाबद्दल ठाम मत होतं आणि आहे.

आणि फुकटच्या टूलच्या आत जाऊन बसा. नवा डेव्हलपर आयएसपीएफ (मेनफ्रेमवरच्या कामाचे जुने स्क्रीन) उघडत नाही, तो व्हीएस कोड उघडतो. तुमची तपासणी तिथूनच चालली पाहिजे. झोवीची कमांड लाइन आहे, तिला प्लग-इन लिहिता येतं. झेड/ओएसएमएफच्या रेस्ट इंटरफेसमधून जॉब टाकता येतो, त्याचा निकाल वाचता येतो. ब्रॉडकॉमने हेच केलं: सोर्स कोड सांभाळणारं एंडेव्हर विकत राहिले, त्याला झोवीचं प्लग-इन दिलं आणि व्हीएस कोडसाठी कोड४झेड हा संच फुकट वाटला. तुमच्या टीममध्ये असेंब्लर जाणणारी जुनी माणसं असतील आणि टाइपस्क्रिप्ट जाणणारी नवी, तर त्यांना एका टेबलावर बसवा. ही जोडी बाजारात सहज मिळत नाही.

शेवटी एक पान

सगळं झाल्यावर ग्राहकासाठी एकच पान लिहा. वर फुकटच्या टूलचं नाव आणि ते वरच्या पाचपैकी कुठल्या प्रकारात मोडतं ते. खाली तीन ढिगांचे आकडे, काढणाऱ्या ग्राहकाच्या माणसाच्या हुद्द्यासह. मग सीपीयूचे दोन आकडे, किंमत लावण्याच्या कुठल्या पद्धतीवर काढले ते नोंदवून. मग बदलीच्या जागांची यादी किती लांब आहे, आणि यादी सोबत जोडलेली. शेवटी सपोर्ट: रात्री अडलं तर फोन कोण उचलतं, आणि फुकटच्या टूलसाठी कोण उचलतं. तिथे ग्राहकाने झोवीचा किंवा पायथनचा सपोर्ट विकत घेतला असेल, तर तसं स्पष्ट लिहा.

हे पान परचेसला पाठवण्याआधी सिसप्रोगला दाखवा आणि तो जे खोडेल ते खोडू द्या. एक प्रत ऑपरेशन्सकडे ठेवा आणि तीन ढिगांची मोजणी दर तिमाहीला करायला त्यांना आरईएक्सएक्स भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहून द्या. पुढच्या रिन्युअलची फाइल सहा महिने आधी उघडा. तोपर्यंत झेड/ओएसची नवी आवृत्ती आलेली असू शकते, आणि तिच्यासोबत काय नवं मिळतंय हे ग्राहकाच्या आधी तुम्ही वाचलेलं असलं पाहिजे.